चूक गिळणारा प्रोग्रॅम

बस. लॅपटॉप मिटू नकोस, स्क्रीन माझ्याकडे वळव. बाकीच्यांनीही खुर्च्या पुढे ओढा. आज सापडलाय हा एकटा, पण ही खोड निम्म्या वर्गाला आहे हे मला ठाऊक आहे.

सेन्सर बुडवलेल्या भांड्यातल्या पाण्यात बोट घाल. कोमट झालंय ना? इंडिकेटरपासून तुझ्या लॅपटॉपकडे जाणारी वायर मी उपसली तेव्हा स्क्रीनवर चौसष्ट अंश होते. मी हजेरी घेतली, चौसष्ट. मागच्या बाकांवरच्या वह्या तपासल्या, चौसष्ट. आकडा हिरवा, शेजारी ‘नॉर्मल’. मी विचारलं, हा आकडा येतो कुठून? तू म्हणालास, ‘सर, सेन्सरवरून.’ त्या वेळी वायरचं टोक माझ्या हातात होतं. मग मी कंट्रोल-सी दाबलं, तर तुझा प्रोग्रॅम थांबेना. परत दाबलं, तरी थांबेना. शेवटी खिडकीच बंद करावी लागली.

हाच प्रोग्रॅम तू पुढच्या आठवड्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रिअॅक्टरवर लावून दाखवणार होतास.

मी कोड उघडला. सगळ्या कामाभोवती एकच ट्राय, आणि त्याच्या खाली नुसतं एक्सेप्ट, पुढे पास. अमुक एक चूक आली तर, असं काही नाही. कुठलीही चूक येऊ दे, काही करू नकोस, पुढे चल. विचारलं तर म्हणतोस, ‘सर, मधेमधे एरर येऊन प्रोग्रॅम बंद पडायचा, म्हणून टाकलं.’ म्हणजे प्रोग्रॅम तुला काही सांगत होता आणि तू त्याचं तोंड दाबलंस. तो काय सांगतोय हे एकदाही वाचलं नाहीस.

तू वाचलं नाहीस म्हणून मी वाचलं. ती ओळ काढून टाकली, वायर परत लावली, पाणी तापवलं आणि मर्यादा साठ अंशांवर ठेवली. साठ ओलांडताक्षणी प्रोग्रॅम थांबला आणि शेवटच्या ओळीत नेमएरर असं लिहून आलं. हूटर वाजवणाऱ्या फंक्शनचं नाव वर एक आहे, आणि खाली त्याला बोलावताना तू त्यातलं एक अक्षर चुकवलंयस. याचा अर्थ समजला का? तुझा हूटर आजवर एकदाही वाजलेला नाही. जेव्हा जेव्हा वाजायची वेळ आली तेव्हा पायथनने सांगितलं की या नावाचं काही माझ्याकडे नाही, आणि तुझ्या त्या दोन शब्दांनी ते सांगणं गिळून टाकलं. आणि अहवालाच्या पानावर तू छापलंयस, ‘अलार्म चाचणी यशस्वी.’ ही चूक नव्हे, हे खोटं आहे. अक्षर चुकणं मी माफ करीन. न केलेली चाचणी केली म्हणून लिहिणं माफ करणार नाही. ते पान फाड आणि माझ्याकडे दे.

आता ऐक. चुकांचे प्रकार तुम्ही परीक्षेसाठी तीन नावांत पाठ करता: सिंटॅक्स, रनटाइम, लॉजिकल. पाठ करून उपयोग नाही, कारण प्रत्येक प्रकार वेगळ्या वेळी बोलतो, आणि केव्हा बोलतो त्यावर माणसाचं नुकसान किती होईल ते ठरतं. सी, जावा, रस्ट या भाषांत हेच फंक्शनचं नाव चुकलं असतं तर प्रोग्रॅम चालूच झाला नसता. कंपायलरने किंवा लिंकरने तुला इथे, या खोलीत, दिवसाउजेडी अडवलं असतं. पायथन तसं करत नाही. ती ओळ प्रत्यक्ष चालायची वेळ येईपर्यंत नाव खरं की खोटं हे तो तपासत नाही. आणि हूटरची ओळ केव्हा चालते? तापमान हाताबाहेर जातं तेव्हा. म्हणजे ज्या ओळीची गरज सगळ्यात मोठी, तीच सगळ्यात कमी वेळा चालते, म्हणून तिच्यातली चूक सगळ्यात उशिरा कळते. हे ज्याला समजलं त्याने अशा ओळी मुद्दाम चालवून बघायच्या असतात. हे काम कोड लिहिण्याइतकंच तुझं आहे. न चालवताही असली नावं शोधणारी फुकट साधनं आहेत. ती वापरायला कोणी मना केलं होतं?

तिसरा प्रकार तर बोलतच नाही. मर्यादा सेल्सिअसऐवजी फॅरनहाइटमध्ये लिहिलीस तर बहुतेक भाषा तुला हटकणार नाहीत. ज्या चुका बोलत नाहीत त्या आधीच इतक्या आहेत, आणि ज्या बोलतात त्यांनाही तू गप्प करतोस.

कंट्रोल-सी का चाललं नाही, हे कोणी सांगेल? कोणीच नाही. पायथनमध्ये चुकांची वंशावळ आहे. सगळ्यात वर बेसएक्सेप्शन. त्याच्याखाली एक मोठी फांदी एक्सेप्शन नावाची, आणि रोजच्या चुका जवळपास सगळ्या तिच्यावर: व्हॅल्यूएरर, टाइपएरर, ओएसएरर, टाइमआउटएरर. पण माणसाने ‘थांब’ म्हटलं तर येणारा कीबोर्डइंटरप्ट आणि प्रोग्रॅम संपवणारा सिस्टिमएक्झिट हे दोन त्या फांदीबाहेर मुद्दाम ठेवलेत. २००६ सालच्या पायथन २.५ पासून ही मांडणी आहे, आणि ती यासाठीच की कोणी घाऊकपणे एक्सेप्शन पकडलं तरी माणसाचा ‘थांब’ त्यात अडकू नये. तू नुसतं एक्सेप्ट लिहिलंस, म्हणजे थेट मुळालाच हात घातलास. ज्यांनी ही रचना केली त्यांनी तुझ्यासारख्या घाईच्या माणसाचासुद्धा विचार केला होता. तू त्यांचा क्षणभरही विचार केला नाहीस.

जावाने तर याहून कडक वाट धरली होती. तिथे थ्रोएबलखाली दोन फांद्या. एक एरर, म्हणजे मेमरी संपली असली गोष्ट, जिथे तुझ्या प्रोग्रॅमने सावरण्याची अपेक्षाच नाही. दुसरी एक्सेप्शन, आणि तिच्यातले बरेचसे असे की त्यांचं काय करायचं ते लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. मग लोकांनी काय केलं? मोकळा कॅच लिहून कंपायलरचं तोंड बंद केलं. भाषेने कितीही सक्ती करावी, लिहिणाऱ्याला सांगायचंच नसेल तर तो पळवाट काढतो. रस्ट आणि गो या भाषांनी चूक ही उत्तराचाच एक भाग केली, तिथेही खालच्या रेघेचं चिन्ह लिहून ती फेकून देता येते. म्हणून भाषेवर ढकलू नकोस. पायथनऐवजी रस्ट शिकलो असतो तर, असं म्हणणाऱ्याला मी उभं करीन.

आता तुमच्या घरच्या गोष्टीकडे येतो. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरचं कोणी ना कोणी एमआयडीसीत जातं? हात खाली करा, मला माहीत आहे. मग तुम्हाला चार ते वीस मिलीअॅम्पिअर काय असतं ते मी सांगावं लागू नये. कारखान्यातला ट्रान्समीटर तापमान सांगतो ते विद्युतप्रवाहाने. समजा पल्ला शून्य ते दोनशे अंश. शून्य अंशाला चार मिलीअॅम्पिअर, दोनशेला वीस. शून्याला शून्यच का नाही ठेवलं? चार वाया का घालवले? कारण वायर तुटली तर प्रवाह शून्य होतो. शून्य अंशालाही शून्यच प्रवाह ठेवला असता तर ‘गार आहे’ आणि ‘मला काही दिसत नाही’ या दोन गोष्टी एकसारख्या दिसल्या असत्या. त्या एका चारमध्ये या धंद्यातल्या माणसांचं शहाणपण आहे. त्याहीपुढे जाऊन नामूर या संस्थेच्या एनई ४३ या शिफारशीने ठरवून दिलं की ३.८ ते २०.५ हे मोजमाप, आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं तर ते मोजमाप नव्हे, बिघाडाची खबर. दोन तारा, एकच प्रवाह, आणि त्यातही मोजमाप वेगळं, बिघाड वेगळा.

तू काय केलंस? शून्य प्रवाहाचं गणित केलंस, वजा पन्नास आलं. वजा पन्नास अंश, महाडात! तिथे तरी थांबायचं होतं. तू लिहिलंस, ऋण आलं तर शून्य धर. कारण आलेख खाली जाऊन वाईट दिसत होता. आणि उत्तर येऊनही त्यात वाचन नसलं तर फंक्शनने वजा एक परत द्यायचं, तोही आलेखाच्या वाटेवर शून्य होतो, आणि ते शून्य सरासरीत मिसळतं. इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी चार मिलीअॅम्पिअर खर्चून जो फरक राखला, तो तू एका ओळीत पुसलास.

बिघाडाची खबर आणि मोजमाप एकाच वाटेने पाठवलं की काय होतं ते एकदा सगळ्या जगाने पाहिलंय. ४ जून १९९६, एरियान ५ या अग्निबाणाचं पहिलं उड्डाण. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत एक मोठा आकडा सोळा बिटांच्या जागेत मावला नाही. प्रोग्रॅम अडा भाषेत होता, भाषेने चूक पकडली, पण त्या ठिकाणी ती हाताळायची सोय ठेवलेली नव्हती. राखीव यंत्रणेत तोच प्रोग्रॅम, म्हणून ती काही मिलिसेकंद आधीच बंद पडलेली. मुख्य यंत्रणेने बंद पडताना आपल्या बिघाडाची माहिती पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाचे आकडे समजून वाचली. इंजिनं वळली, अग्निबाण आडवा झाला आणि सदतिसाव्या सेकंदानंतर तुटला. त्यात माणूस नव्हता. तू जिथे प्रोग्रॅम लावणार होतास तिथे माणसं असतात.

तुझा बाप नाइट शिफ्टला जातो. पोलादपुरातून निघून रात्री वसाहतीत येतो, हे मला तूच सांगितलंस. रिअॅक्टरमध्ये उष्णता सोडणारी रिअॅक्शन चालू असली की तापमान वाढलं तर रिअॅक्शनचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता. दहा अंशांनी वेग दुपटीच्या आसपास जातो, हा तर तुमच्या बारावीच्या पुस्तकातला ढोबळ नियम. जॅकेटमधलं पाणी ती उष्णता ओढून नेतंय तोवर ठीक. ते कमी पडायला लागलं तर ऑपरेटरच्या हातात मिनिटं असतात. त्या मिनिटांत त्याच्यासमोर तुझा हिरवा चौसष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच वसाहतीत स्फोट होऊन अकरा कामगार गेले, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. त्या घटनेचा आणि तुझ्या कोडचा संबंध मी लावत नाही. पण ज्या वसाहतीत ते झालं तिथल्या रिअॅक्टरवर लावायचा प्रोग्रॅम चाचणी न करता ‘यशस्वी’ लिहून आणणं, याला माझ्याकडे शब्द नाही.

सावित्री नदीवरचा जुना पूल आठव. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, धो धो पाऊस. ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी आणि आणखी एक गाडी अंधारात त्या खिंडारात गेल्या. पुलाने कोणाला सांगितलं नाही. पुलाला जीभ नसते. त्याच्याबद्दल कोणीतरी सांगायचं असतं. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि पूल सुरक्षित असल्याचं सांगितलं गेलं होतं. म्हणजे शेवटचं उपलब्ध वाचन ‘ठीक’ होतं, आणि त्या जुन्या वाचनावर विसंबून गाड्या येत राहिल्या. तुझा चौसष्ट हाही तसाच शेवटचा उपलब्ध आकडा आहे. तो कधीचा आहे हे स्क्रीनवर कुठेच नाही. पुढच्या गाड्या कशा थांबल्या? पुलाजवळच्या माणसाच्या लक्षात आलं, त्याने रस्त्यावर येऊन वाहनं अडवली, पोलिसांना कळवलं. चूक दुरुस्त करणं त्याच्या हातात नव्हतं. पुढच्याला सांगणं होतं, आणि ते त्याने केलं. तुझ्या प्रोग्रॅमकडून मी एवढंच मागतोय.

आता तुझी वायर. तू म्हणतोस, कारखान्यात मोटारींचा त्रास असतो, वाचनं अधूनमधून चुकतात, दर वेळी प्रोग्रॅम थांबवला तर कोण वापरणार? हा प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर सगळ्या चुका एका पोत्यात भरणं हे नाही. मॉडबस हा १९७९ चा प्रोटोकॉल आहे, तुझ्या बापाच्या लहानपणचा. त्याच्यातसुद्धा नकाराचे प्रकार आहेत. यंत्राला जमत नसेल तर ते फंक्शनच्या आकड्यात १२८ मिळवून उत्तर देतं आणि पुढे कारण सांगतं: १ म्हणजे हे काम मला येत नाही, २ म्हणजे असा पत्ताच नाही, ३ म्हणजे दिलेला आकडा चालणार नाही, ४ म्हणजे माझ्यातच बिघाड आहे, ६ म्हणजे आत्ता कामात आहे. आणि काहीच उत्तर आलं नाही तर ती आणखी वेगळी गोष्ट.

तू एकेक घे आणि विचार की हे कोणाच्या कानावर जायला हवं. ताळा चुकला, म्हणजे सीआरसी जुळलं नाही, तर लाइनवर गोंगाट आहे. परत विचार, दोनचारदा विचार, पण किती वेळा चुकलं ते मोजून ठेव, कारण तो आकडा वाढत गेला तर केबलचं शील्ड बघायची वेळ आली. उत्तरच आलं नाही, तर वायर किंवा वीज. आकडा ताबडतोब स्क्रीनवरून काढ आणि इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलाव. यंत्र म्हणालं की असा पत्ताच नाही, तर शंभरदा विचारूनही तो पत्ता निर्माण होणार नाही. ती तुझी चूक आहे, प्रोग्रॅम चालू करतानाच थांबव. ६ आलं तर क्षणभर थांबून विचार. उत्तर आलं पण प्रवाह ३.६ च्या खाली, तर सेन्सर गेला. आणि नेमएरर, टाइपएरर ही तर सरळ तुझ्या हातची घाण. ती पकडायचीच नाही, ती उघडी पडू दे, प्रोग्रॅम बंद पडू दे, आणि बंद पडल्याची खबर बाहेरच्या दुसऱ्या कोणी देऊ दे. कोण दुरुस्त करू शकतं यावरून चुकीची जात ठरव. वेबवाल्यांनी हेच केलं: चारशेच्या घरातले आकडे म्हणजे मागणाऱ्याची चूक, पाचशेच्या घरातले म्हणजे देणाऱ्याची. तू मात्र तुझ्या वेबपानावर २०० देतोस, सगळं ठीक, आणि आत वजा एक.

उलट टोकाला जाशील, तेही आत्ताच सांगून ठेवतो. उद्या येशील आणि प्रत्येक गोष्टीला हूटर लावून आणशील. वेल्समध्ये मिलफर्ड हेवनला तेलशुद्धीकरण कारखाना होता. २४ जुलै १९९४ ला तिथे स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. मिनिटाला पंचवीस. कुठला वाचणार? खरी खबर त्यातच कुठेतरी होती. त्यानंतर या धंद्यात अलार्म किती असावेत याचे दंडक तयार झाले. शांत चालणाऱ्या प्लांटमध्ये दहा मिनिटांत एकाहून कमी, असा त्यातला एक. तेव्हा तुला वर्गवारी करावीच लागेल. नोंद कशाची, इशारा कशाचा, आणि माणसाला हातातलं काम टाकून धावायला लावण्याइतकं काय. हे ठरवण्याचा आळस हाच पहिला आळस आहे. सगळं गिळणं आणि सगळं ओकणं, दोन्हीकडे विचार करायचं टाळलेलंच असतं.

आणि शब्द. तुझ्या प्रोग्रॅममध्ये जिथे काही दाखवतोस तिथे काय लिहिलंयस? ‘एरर ७.’ सात म्हणजे काय? तुला तरी सांगता येतं का, वही न उघडता? थेराक-२५ नावाचं कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारं कॅनडाचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा गेली. त्यातला मार्च १९८६ चा प्रसंग टेक्सासमधल्या टायलर गावचा. यंत्र थांबलं आणि पडद्यावर आलं, ‘मालफंक्शन ५४’. ऑपरेटरला त्याचा अर्थ कळण्याची सोय नव्हती. ते यंत्र दिवसभर असल्या कुरकुरी करायचं आणि ‘पी’ दाबलं की पुढे चालायचं. तिने पी दाबलं. आतल्या माणसाला दुसऱ्यांदा किरण लागले. माहितीपत्रकात त्या ५४ पुढे मात्रेसंबंधीचे दोनतीन शब्द होते, ती जास्त गेली की कमी, धोका आहे की नाही, काही नाही. मुलांनो, त्या बाईचा दोष किती आणि ५४ लिहिणाऱ्याचा किती? मी इंजिनिअरांना शिकवतो, म्हणून मी तुम्हाला ५४ लिहिणाऱ्याच्या जागी बसवून विचारतोय.

चांगला संदेश लिहिणं हे खालच्या दर्जाचं काम आहे असं तुमच्या डोक्यात कोणी भरलं? पायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. त्याआधी कंस बंद करायचा राहिला तर तो पुढच्याच ओळीवर बोट ठेवून नुसतं चुकीचं व्याकरण म्हणायचा, आणि तुमच्यासारखी मुलं भलत्या ओळीत चूक शोधत बसायची. आता तो म्हणतो, हा इथला कंस उघडला आणि मिटलाच नाही. पुढच्या वर्षी ३.११ ने ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली खुणा करायला सुरुवात केली. जावाने २०२० मध्ये, १४ व्या आवृत्तीत, नलपॉइंटरएक्सेप्शन आला की नेमकी कुठली गोष्ट रिकामी होती ते सांगायची सोय केली; पंचवीस वर्षं ती भाषा वापरात होती, तरी ‘हे आता कशाला’ असं म्हणून त्यांनी ते टाळलं नाही. रस्टमध्ये पुष्कळशा चुकांना क्रमांक असतो आणि तो विचारला की उदाहरणासकट खुलासा मिळतो. इतक्या माणसांनी तुझ्यासाठी हे लिहून ठेवलं. वाचायचं कसं तेवढं शिक: पायथनचा ट्रेसबॅक खालून वर, शेवटची ओळ आधी. सीच्या कंपायलरने ढीगभर चुका दाखवल्या तर पहिली आधी, कारण खालच्या पुष्कळशा तिचीच पिलं असतात. वॉर्निंग आली आणि प्रोग्रॅम चालला म्हणून ती सोडून द्यायची नाही.

इंग्रजी कळत नाही म्हणून वाचलं नाही, हे कारण मी ऐकणार नाही. त्या ओळीत पाचसात शब्द असतात आणि तेच ते पुन्हा येतात. पण तुझा संदेश वाचणाऱ्या ऑपरेटरने इंग्रजी शिकावं, अशी अपेक्षा तू धरू शकत नाहीस. तो रात्री तीन वाजता वाचणार आहे. त्याच्यासाठी लिही: ‘रिअॅक्टर २ चं तापमान २२:४० पासून मिळत नाही. शेवटचं वाचन ६४, ते आता धरू नका. वाफ बंद करा. जागेवरचा डायल बघा. इन्स्ट्रुमेंट विभागाला कळवा.’ काय झालं, कधीपासून, कशावर विश्वास ठेवायचा नाही, आता काय करायचं. आणि त्याच चुकीचं पूर्ण ट्रेसबॅक, ओळ क्रमांकासकट, लॉग फाइलमध्ये, ते तुझ्यासाठी. एकाच चुकीचे दोन वाचक आहेत, दोघांना एकच मजकूर देऊन कोणाचंच भागत नाही.

लॉग फाइल म्हटलं म्हणून आणखी एक. ती तू त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर ठेवलीयस. डिस्क भरली तर ती भरल्याची नोंद कुठे लिहिणार? २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होतं. वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं, रस्ते तुटले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली आणि मदतीची पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. ज्या पाण्याने संकट आणलं त्यानेच खबरेची वाट बंद केली होती. या वर्गातल्या कोणाला ते सांगायची गरज नाही. म्हणून तुझ्या प्रोग्रॅमची खबर ज्या वाटेने जाते ती वाट प्रोग्रॅमबरोबरच बुडणारी नसावी. दर काही सेकंदांनी ‘मी चालू आहे’ असा ठोका दुसऱ्या यंत्राला जाऊ दे, आणि ठोका चुकला की त्या दुसऱ्या यंत्राने ओरडावं. वॉचडॉग म्हणतात त्याला, तुमच्या अभ्यासक्रमात आहे, मायक्रोकंट्रोलरच्या पेपरला पाच मार्कांना विचारतात आणि तुम्ही सगळे ते लिहून येता.

मान वर कर. तुला येत नाही म्हणून मी बोलत नाही. आलेख तू चांगला काढलायस, मॉडबसची जोडणी स्वतः वाचून केलीयस, ती या वर्गात दुसऱ्या कोणाला जमली नसती. म्हणूनच हे मला सहन होत नाही. ज्याला काहीच येत नाही त्याचा प्रोग्रॅम कोणी रिअॅक्टरजवळ नेणार नाही. तुझा नेतील.

कारखान्याला मी कळवतो की पुढच्या आठवड्यात येत नाही. तू आत्ता, माझ्यासमोर, ऋण आकड्याचं शून्य करणारी ओळ काढ. आज घरी जाऊन एक्सेप्टच्या जागी मी सांगितलेल्या प्रत्येक चुकीसाठी वेगळी वाट लिही, आणि प्रत्येकीपुढे लिही की ही कोणाला कळवायची. मग वडिलांना रविवारी, झोप झाल्यावर, एकेक संदेश वाचून दाखव. स्वतः समजावून सांगायचं नाही, नुसतं वाचायचं, आणि विचारायचं की हे दिसलं तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल. ते जिथे अडतील ते वाक्य तुझं चुकलं. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून सोमवारी पहिल्या तासाला आण. ‘सर, चालतंय’ असं म्हणत येऊ नकोस.